दीवचा किल्ला आणि चर्च: झांपा दरवाजापासून सुरुवात करा

दीवला जाणाऱ्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. सकाळी नागव्याचा किनारा, जेवण झाल्यावर भर उन्हात किल्ल्यात एक चक्कर, तोफेवर बसून फोटो, आणि संध्याकाळ बारमध्ये. चर्चपैकी एखादं रिक्षातूनच दिसतं. एवढं करून परतलेले लोक 'किल्ला मोठा आहे, पण पाहण्यासारखं विशेष नाही' असं सांगतात. हे मत किल्ल्यावर अन्याय करणारं आहे. दीव उलट्या क्रमाने पाहिलं, की असं वाटणारच.

सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला लागून असलेलं हे बेट जेमतेम 40 चौरस किलोमीटरचं. उत्तरेला अरुंद खाडी, दक्षिणेला अरबी समुद्र. दीव शहर बेटाच्या पूर्व टोकाला आहे आणि ते दोन बंदोबस्तांच्या मध्ये वसलेलं आहे: पश्चिमेला शहराचा तट, पूर्वेला किल्ला. शत्रू बेटावर उतरलाच तर आधी शहराच्या तटाशी अडणार, तो पडला तर लोक किल्ल्यात जाणार आणि किल्ल्याच्या पाठीशी समुद्रातून रसद येणार, असा हा सगळा हिशेब. तीनही मोठी चर्च या दोन भिंतींच्या मधल्या भागात आहेत. म्हणून पाहायचा क्रमही तोच ठेवावा: पश्चिमेकडून पूर्वेकडे, पायी. अंतर काहीच नाही. सकाळी साडेसातला शहराच्या तटाच्या झांपा दरवाजाशी उभे राहिलात तर ऊन चढायच्या आत चर्च होतात आणि किल्ला दुपार उतरल्यावर सावकाश पाहता येतो.

झांपा दरवाजा

शहराच्या तटाचा हा मुख्य दरवाजा भडक लाल रंगाने रंगवलेला आहे. त्यावर सिंह, देवदूत आणि एक धर्मगुरू कोरलेले आहेत, आणि आत शिरल्यावर लगेच एक छोटं प्रार्थनास्थळ आहे, ज्यातली मूर्ती 1702 सालची आहे. रंगाच्या थरांमुळे छिन्नीच्या खुणा बुजल्या आहेत, हे दुःख आहेच. पण सकाळच्या तिरप्या उन्हात सिंहांची आयाळ आणि देवदूतांचे पंख उठून दिसतात. दुपारी डोक्यावर ऊन आलं की सगळं सपाट होतं. दरवाजा पाहून झाला की दहा मिनिटं तटाच्या बाहेरच्या अंगाला चाला. भिंतीची उंची आतून कळत नाही.

जवळच, तटाबाहेर, नायडाच्या गुहा आहेत. नैसर्गिक गुहा समजून लोक जातात, पण भिंतींवरच्या सरळ रेषा आणि काटकोनी पायऱ्या बघितल्या की ही दगडाची खाण आहे हे लगेच लक्षात येतं. पोर्तुगीजांनी बांधकामासाठी इथून दगड काढला, असं मानलं जातं. हा दगड सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सगळीकडे आढळणारा मिलिओलाइट चुनखडक. ताजा काढलेला असताना करवतीने कापता येईल इतका मऊ, आणि म्हणूनच पुढे खाऱ्या वाऱ्याला बळी पडणारा. किल्ल्याच्या भिंतींना मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतील, त्याचं कारण इथेच आहे: दगडात शिरलेलं खारं पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे कण सुटत जातात. छताच्या उघड्या भागांतून प्रकाश पडतो तेव्हा गुहा सुंदर दिसतात. पावसाळ्यात शेवाळं धरतं, चपला घालून जाऊ नका.

चर्च

जुन्या पोर्तुगीज वस्तीला फिरंगीवाडा म्हणतात. गल्ल्या अरुंद, काही घरांच्या दर्शनी भिंती अजून रंगीत. तीनही चर्च इथेच, चालत जाण्याइतक्या अंतरावर.

सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी हे यातलं सर्वांत जुनं, 1593 सालचं, फ्रान्सिस्कन संघाचं. त्याचं नंतर रुग्णालय झालं, त्यामुळे पर्यटक म्हणून आत भटकण्याची ही जागा नव्हे. बाहेरून इमारत पाहावी, पायऱ्यांवरून शहराकडे एक नजर टाकावी आणि पुढे निघावं. रुग्णांच्या रांगेत उभं राहून फोटो काढणं बरं दिसत नाही.

सेंट थॉमस 1598 चं. टेकाडावर उभं, पांढरंशुभ्र, उंच आणि अंगाने सडपातळ. सजावट जवळपास नाही, आणि तेच याचं सौंदर्य आहे. आता इथे दीव संग्रहालय आहे: जुन्या चर्चमधून आणलेल्या लाकडी संतमूर्ती, कोरीव लाकूडकाम, शिलालेखांचे दगड. मांडणी साधी आहे आणि वस्तूंबद्दलची माहिती तुटपुंजी. तरीही इथे निदान अर्धा तास द्यावा, कारण एरवी वेदीवर पंधरा फूट उंचीवर असणाऱ्या मूर्ती इथे डोळ्यांच्या पातळीवर आहेत. जवळून पाहिलं तर लाकडाचे जोड दिसतात: हात वेगळ्या तुकड्यातून करून खांद्यात बसवलेला, झग्याच्या चुण्यांच्या खोलगट भागात जुन्या रंगाचा थर शिल्लक, चेहऱ्याचा रंग मात्र उडालेला. काही मूर्तींची पाठ कोरलेलीच नसते, कारण ती भिंतीकडे असायची. संग्रहालय झालं असलं तरी चर्च म्हणून ही वास्तू पूर्ण मिटलेली नाही. दरवर्षी 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, इथे मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) होते आणि चर्च भरून जातं. त्या दिवशी दीवमध्ये असाल तर संग्रहालय विसरा, मिस्सेला या.

आता सेंट पॉल. दीवमध्ये एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर किल्ला की हे चर्च, असा प्रश्न पडेल, आणि उत्तर सोपं नाही. जेझुइटांनी (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने) हे काम 1601 च्या सुमारास सुरू केलं आणि 1610 मध्ये ते पूर्ण झालं. चर्च निष्कलंक मरियामातेला अर्पण केलेलं आहे. बेटावर नियमित उपासना चालू असलेलं मोठं चर्च हेच. भारतातल्या पोर्तुगीज चर्चमध्ये इतका नक्षीदार दर्शनी भाग क्वचितच सापडेल: एकावर एक चढणारे मजले, खांबांच्या जोड्या, गोल वळणाऱ्या गुंडाळ्या, शिंपल्यांची नक्षी. ज्यांनी गोव्याचं बॉम जेझूस चर्च पाहिलं आहे त्यांना घराणं ओळखू येईल, कारण तेही जेझुइटांचं आणि त्याच काळातलं, 1605 मध्ये पवित्र केलेलं. फरक अंगावरच्या कातडीचा आहे. बॉम जेझूसचा गिलावा काढून टाकल्यामुळे जांभा उघडा पडला आहे. सेंट पॉलला अजून पांढरा चुना आहे. चुन्यामुळे नक्षीची सावली कशी पडते आणि इमारत हलकी कशी वाटते, हे गोव्यात आता दिसत नाही ते इथे दिसतं.

या पांढऱ्या रंगामुळेच दुपारी बारा ते तीन या वेळात समोर उभं राहणं व्यर्थ आहे. डोळे दिपतात, फोटो पांढराफटक येतो, नक्षी नाहीशी होते. सकाळी लवकर किंवा चारनंतर यावं. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातही दर्शनी भाग छान दिसतो.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं द्या. लाकडी कोरीवकाम हे इथलं खरं धन आहे. वेदीमागची भिंत, बाजूचं लाकडी आच्छादन, वेली, पानं, खांब. समोरून पाहिलं की एकसंध गडद पृष्ठभाग वाटतो. बाजूला सरकून, खिडकीचा उजेड तिरपा येईल अशा जागी उभं राहिलं की खोली कळते. भारतीय सुतारांचा हात असलेल्या अशा कामात पानांची वळणं युरोपी आराखड्यापासून हळूच सुटतात, ती शोधत बसण्यात वेळ कसा जातो कळत नाही. फ्लॅश वापरू नये, मिस्सेच्या वेळी कॅमेरा काढूच नये. टोप्या काढाव्यात, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. नागव्यावरून ओल्या कपड्यांत थेट चर्चमध्ये येणारी मंडळी पाहिली की वाईट वाटतं. ही चालू उपासनेची जागा आहे. रविवारी सकाळी मिस्सेच्या आगेमागे पर्यटकांनी थांबावं. वेळा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या, सणांना त्या बदलतात.

किल्ला

इथे घाई करू नका. आत शिरण्याआधी पंधरा मिनिटं बाहेरच, खंदकाच्या काठावर उभे राहा, कारण या किल्ल्याची सगळी अक्कल तिथे दिसते.

थोडा इतिहास लागतोच. 3 फेब्रुवारी 1509 ला दीवसमोरच्या समुद्रात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या आरमाराने इजिप्तचे मामलुक, गुजरातची सल्तनत आणि कालिकतचा झामोरीन यांच्या एकत्रित आरमाराला हरवलं. पण दीव काही हाती आलं नाही. गुजरातच्या सुभेदाराने, मलिक अयाझने, बंदराचा बंदोबस्त चोख ठेवला होता. 1531 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याचा हल्लाही फसला. शेवटी हुमायून गुजरातवर चालून आल्यावर सुलतान बहादूरशहाला मित्र हवे होते. 1534 च्या तहात त्याने वसई दिली आणि 1535 मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. वसईचा किल्ला पाहिलेल्या मराठी वाचकाने हे लक्षात ठेवावं, दोन्ही किल्ल्यांची मुळं एकाच राजकारणात आहेत. बहादूरशहाला पुढे पश्चात्ताप झाला, आणि 1537 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरच्या जहाजावरून परतताना झालेल्या झटापटीत तो दीवच्या समुद्रातच मारला गेला.

त्यानंतर दोन वेढे पडले. 1538 मध्ये उस्मानी (तुर्की) आरमार घेऊन सुलेमान पाशा आला. किल्लेदार आंतोनियो द सिल्व्हेराने किल्ला टिकवला. 1546 चा वेढा याहून भयंकर, एप्रिल ते नोव्हेंबर. किल्लेदार जुआंव माश्करेन्यश. वेढा घालणाऱ्यांनी जमिनीच्या बाजूने खंदक भरत आणायचा, तोफांनी तट ढासळवायचा आणि बुरुजांखाली सुरुंग न्यायचे, असा सपाटा लावला. अशाच एका सुरुंगात गव्हर्नर जुआंव द काश्त्रो याचा मुलगा फर्नांदो मारला गेला. नोव्हेंबरमध्ये काश्त्रो स्वतः आरमार घेऊन आला आणि वेढा उठला. किल्ल्याची अवस्था इतकी वाईट होती की तो जवळपास नव्याने बांधावा लागला. पैसे नव्हते. काश्त्रोने गोव्याच्या नगरपालिकेकडे कर्ज मागितलं. मुलाची हाडं तारण ठेवायचा विचार होता, पण पुरलेल्या देहाची अजून नुसती हाडं उरली नव्हती, म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवले. कर्ज मिळालं. आज दिसतो तो किल्ला मुख्यतः त्यानंतरचा.

आता खंदकाकडे पाहा. तीन बाजूंनी समुद्र असलेलं भूशिराचं टोक पश्चिमेला खडक खोदून तोडलं आहे. खंदक एक नाही, दोन आहेत, आणि बाहेरच्यात भरतीचं पाणी शिरतं. 1546 मध्ये मार कुठून बसला हे माहीत असलं की जाडी, उंची आणि तोफा याच बाजूला का एकवटल्या हे लगेच समजतं. तट पायाशी बाहेर झुकलेला आहे, म्हणजे गोळा सरळ न आदळता घसरावा आणि शिडी नीट टेकू नये. समुद्राकडचा तट त्या मानाने साधा. तिकडे खडक आणि लाटाच पहारा करायच्या. समुद्रकिल्ला म्हणून दीवची ख्याती आहे, पण त्याची सगळी धास्ती जमिनीकडे आहे. भरतीच्या वेळी खंदक जास्त बोलतो, म्हणून त्या दिवशीची भरतीची वेळ मोबाइलवर पाहून ठेवा. ओहोटीला तळाचा गाळ तेवढा दिसतो.

दरवाजाजवळ पोर्तुगीज शिलालेख आहे आणि वर दगडी सज्जे असलेल्या मोठ्या खिडक्या. या सज्जांवरून पाणीकोठा, म्हणजे खाडीतला छोटा दुर्ग, समोर दिसतो. आत गेल्यावर सरळ दीपगृहाकडे धावू नका. आधी पश्चिमेच्या तटावर चढा, फांजीवरून (तटावरच्या वाटेवरून) चाला आणि शहराकडे तोंड करून उभे राहा: वेढा घालणारे ज्या जमिनीवर होते तिथे आता घरं, झाडं आणि रस्ते आहेत. मग उत्तरेकडून, खाडीच्या बाजूने, दीपगृहाकडे जा आणि दक्षिणेच्या कड्याने परत या. या क्रमाने साधारण दोन तास लागतात.

तोफा पाहायला वेळ ठेवा. लोखंडी तोफा गंजून पापुद्रे सुटलेल्या आहेत, त्यांवर वाचण्यासारखं फार उरत नाही. काशाच्या हिरवट तोफा मात्र हळूहळू उलगडतात. पाठीवर उचलण्यासाठी दोन वळलेली कडी, मागच्या टोकाला गोळा, बत्ती द्यायचा कान (भोक), आणि मध्ये राजचिन्ह: आत पाच छोट्या ढाली, भोवती किल्ल्यांची माळ. काही तोफांवर अक्षरंही आहेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड असताना ती वाचता येतात. मुलांना त्यांवर चढवू नका. त्याने अक्षरं झिजतात, आणि उन्हात तापलेल्या काशाने पाय भाजतो हे वेगळंच. दीवची सर्वांत प्रसिद्ध तोफ मात्र इथे नाही. बहादूरशहासाठी 1533 मध्ये ओतलेली ती प्रचंड तोफ पोर्तुगीजांनी नेली, ती लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनास्थळांकडे कुणी वळत नाही. छपरं गेलेली, भिंती उभ्या. एकात कबरींवरच्या कोरीव शिळांचे तुकडे ठेवले आहेत. तिथे नावं आणि पदं वाचायचा प्रयत्न करा. पोर्तुगीज न येणाऱ्यालाही आकडे आणि 'कापितांव' असा हुद्दा ओळखता येतो. पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि दारूगोळ्याची कोठारंही पाहा. विहिरीचं गोडं पाणी नसलेल्या खडकावर महिनोन्महिने वेढा सोसायचा तर टाकंच खरं बळ.

काय खटकतं ते सांगायलाच हवं. बुरुजांची नावं, वेढ्यांचे मोर्चे, कुठली भिंत कुठल्या काळातली, हे सांगणारे फलक पुरेसे नाहीत. तयारीशिवाय आलेला माणूस फक्त पडक्या भिंती पाहतो. काही भाग तुरुंगाच्या वापरात होता, त्यामुळे आणि पडझडीमुळे सगळीकडे जाता येत नाही; बंद केलेल्या जागी उगाच डोकावू नका. समुद्राच्या बाजूला तट ढासळतो आहे आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. दगड वरून शाबूत दिसतो पण खालून पोकळ झालेला असतो, म्हणून काठापासून हातभर आत चाला. सावली जवळपास नाही. माणशी एक लिटर पाणी, टोपी, आणि पकड असलेले बूट. उतारावरच्या दगडांवर चपला घसरतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी दरवाजा, सज्जे आणि पहिलं अंगण पाहून थांबावं, तेवढ्यातही खूप काही हाती लागतं. चाकाच्या खुर्चीला फांजीवर जायला सोय नाही.

पाणीकोठा हा खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा असलेला छोटा दुर्ग. पोर्तुगीजांच्या आधीही याच नाक्यावर बंदर अडवण्याचा बंदोबस्त होता. धक्क्यावरून होड्या त्याच्याभोवती फेरी मारून आणतात. उतरू देतील हे गृहीत धरू नका, होडीत बसण्याआधी विचारा, भावही तेव्हाच ठरवा. संध्याकाळची फेरी घ्या, उजेड उतरताना कोठ्याची आणि किल्ल्याची उत्तर बाजू दोन्ही नीट दिसतात. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

शहराबाहेर

दुचाकी भाड्याने मिळते, आणि उरलेली दोन चर्च तिच्यानेच करावीत. फुदममध्ये, शहरापासून दोन-तीन किलोमीटरवर, अवर लेडी ऑफ रेमेडीज हे जुनं मोठं चर्च आहे. वापर थांबलेला, परिसर शांत. आतल्या जुन्या लाकडी वेदीसाठी यायचं, पण दार उघडं असेलच असं नाही. गावात विचारलं तर किल्ली कुणाकडे ते कळतं. सेंट पॉलची चकचकीत निगा पाहून इथे आलं की माणसांचा वावर थांबल्यावर चर्चचं काय होतं ते दिसतं. फुदमलाच खडकातलं गंगेश्वर आहे, भरतीच्या लाटा तिथल्या पाच शिवलिंगांना भिजवतात. पश्चिम टोकाच्या वणाकबाऱ्यात अवर लेडी ऑफ मर्सी आहे. वास्तू म्हणून ते मध्यम आहे, पण सकाळी मासळीच्या होड्या लागतात तेव्हा धक्का आणि चर्च एकत्र पाहायला जाण्यात अर्थ आहे.

जाणं, राहणं

मुंबईकडच्यांना वांद्रे टर्मिनसहून वेरावळची गाडी सोयीची. वेरावळ ते दीव रस्त्याने सुमारे 90 किलोमीटर, कोडीनार-उना मार्गे. उन्यापासून दीव 15 किलोमीटरच्या आसपास. नागव्याजवळ विमानतळ आहे, पण छोटी विमानं, वेळापत्रक बदलतं, दाट धुक्यात किंवा पावसात फेरी रद्द झाली तर पर्याय लगेच मिळत नाही. परतीचं रेल्वे आरक्षण हातात असलेलं बरं.

किल्ला आणि चर्चसाठी येणार असाल तर नागव्याला राहू नका. शहरापासून ते 7 किलोमीटर लांब आहे आणि सकाळचा उजेड तुमचा प्रवासातच जाईल. फिरंगीवाड्यात किंवा धक्क्याजवळ खोली घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, फक्त दिवाळीचा आठवडा आणि वर्षअखेर टाळा: गुजरातमधून गर्दी लोटते, खोल्यांचे भाव चढतात, किल्ल्यात चालणं अवघड होतं. शनिवार-रविवारीही थोडं तेच. मंगळवार-बुधवार निवडा. दारू दीवमध्ये चालते, गुजरातमध्ये नाही, आणि नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. बॅगेत एक बाटलीही ठेवून पुलापलीकडे जाऊ नका, तपासणीत अडकलात तर वेरावळची गाडी नक्की चुकते.